एकही गोळी चुकवली नव्हती

"बाई, तुम्ही गोळ्या घेतलेल्याच नाहीत," डॉक्टर वगदी म्हणाला.

माझी थोरली बहीण इन्शिराह त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली होती, मी तिच्या मागे उभी. तपासणीचा कागद त्याने दोन बोटांनी असा पुढे ढकलला, की जणू नापास पोराचा पेपर. चार वर्षांत तीन वेळा औषधं झाली होती आणि जठरातला जंतू जागचा हलला नव्हता.

"घेतल्या, डॉक्टर. सगळ्या घेतल्या," ताई म्हणाली.

"मग हा जंतू काय हवापालट करायला थांबलाय? तुम्हा गिरणीवाल्यांचं मला पाठ आहे. दोन दिवस पोट दुखायचं थांबलं की गोळ्या गेल्या फडताळात. आणि मग डॉक्टर वाईट."

माझी बहीण गिरणीच्या मुकादमाला चारचौघांत "तुझ्या मिशीला कात्री लावून ये आधी" असं सुनावणारी. पण त्या दिवशी तिच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. त्याने कागदावर 'महिन्याने या' एवढं खरडलं, घंटी वाजवली आणि पुढचा पेशंट आत आला. चार मिनिटंही झाली नव्हती. तोवर त्या माणसाला मी अहो-जाहो करत होते. त्या दिवसापासून सोडलं.

ताई कशी आहे ते सांगते, म्हणजे मला एवढा संताप का आला ते कळेल. आमच्या महल्ला गावातल्या सूतगिरणीत सव्वीस वर्षं ती साच्यावर उभी आहे. एका बाजूला दोनशे चात्या फिरत असतात, आणि त्यातला कुठला धागा तुटला ते तिला पाठमोरं असतानाही कळतं. पाळीला ती एकदाही उशिरा गेलेली नाही. नवऱ्याचा, झगलूलभाऊजींचा अपघात झाला त्या दिवशीही ती आधी बदली बाई उभी करून मग दवाखान्यात धावली. अशी बाई दोन आठवड्यांच्या गोळ्या चुकवेल?

पहिल्या वेळची औषधं सुरू झाली तेव्हा रमजान लागून चार दिवस झाले होते. सकाळी आठ आणि रात्री आठ, बारा तासांचं अंतर, असं कागदावर लिहिलेलं. इफ्तार आणि पहाटेचं जेवण यांत काही बारा तास बसेनात. मी म्हटलं, "ईद झाल्यावर सुरू कर." ती म्हणाली, "आजाऱ्याला रोजा माफ आहे. औषध म्हणजे औषध." वयाच्या नवव्या वर्षापासून तिने आपणहून एकही रोजा सोडला नव्हता. ते चौदा दिवस ती सकाळी आठला गिरणीतल्या कापसाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन, कुणी बघत नाही ना हे पाहून, रोटीचा तुकडा खायची आणि गोळ्या गिळायची. रडायचीसुद्धा, असं तिने मला नंतर सांगितलं. त्या गोळ्यांनी तोंड इतकं कडू व्हायचं की जिभेवर तांब्याची तार ठेवल्यासारखं वाटायचं. पाणी कडू, चहा कडू, झोपेत आलेली लाळ कडू.

आणि हा माणूस तिला म्हणतो, घेतल्याच नाहीत.

वगदीकडच्या त्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी पहिल्या पाळीत ती साच्याजवळच बसली आणि ओकली. कॉफीच्या गाळासारखं काळं काळं. बायांनी तिला कापूस वाहायच्या हातगाडीवर घालून फाटकापर्यंत आणलं. शाळेत मला फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गाला नकाशात नद्या दाखवत होते. खडू तसाच हातात धरून मी निघाले. भाऊजींनी गाडी थेट शेजारच्या तांता शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेली. गाडीत ताई माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणत होती, "राविया, तूच सांग त्याला. मी एकही चुकवली नाही गं."

मरायला टेकली होती, आणि चिंता काय, तर आपण खोट्या ठरलो याची.

रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. दुर्बीण घालून रक्त वाहायचं थांबवलं. जठरात बोटाच्या पेराएवढा अल्सर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर शहीरा आल्या. पस्तिशीच्या असतील, डोळ्यांखाली काळं, पायांत रबरी चपला. पलंगाच्या कडेवर त्या चक्क बसल्या आणि विचारलं, "आतापर्यंत काय काय औषधं घेतलीत?"

मी घरून आणलेला ताईचा बिस्किटांचा डबा पुढे केला. त्यात तीनही वेळच्या रिकाम्या स्ट्रिप्स होत्या, रबर लावून, वेगवेगळ्या. गिरणीत नवं बॉबिन हवं असेल तर आधी रिकामं दाखवावं लागतं, सव्वीस वर्षांची ती सवय. प्रत्येक वेळी ती डबा पिशवीत घालून वगदीकडे न्यायची. त्याने एकदाही विचारलं नाही, आणि न विचारता काढून दाखवायचा तिला संकोच वाटला.

डॉक्टर शहीरांनी एकेक स्ट्रिप उजेडात धरली. मग तीन स्ट्रिप्स ओळीने चादरीवर मांडल्या. एक पिवळी, एक पांढरी, एक निळ्या अक्षरांची.

"तुम्ही शिक्षिका ना? खालचं बारीक अक्षर वाचा."

मी वाचलं. वर तीन वेगळी नावं, तीन वेगळ्या कंपन्या. खाली तिन्हींवर एकच शब्द होता, क्लॅरिथ्रोमायसिन. बाकीच्या गोळ्यांचंही तसंच. नुसते कपडे बदललेले.

"म्हणजे तीनही वेळा एकच?" मी विचारलं.

"एकच. एकदा उपयोग झाला नाही तर तेच औषध पुन्हा द्यायचं नसतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं." त्यांनी तिन्ही स्ट्रिप्स पुन्हा डब्यात ठेवल्या. "यांच्या पोटातला जंतू या औषधाला कधीच दाद देणार नव्हता, असं मला वाटतंय. तुकडा काढून अलेक्झांड्रियाला पाठवलाय. तिथे जंतू वाढवून बघतील कुठलं औषध लागू पडतं. मला सांगा बाई, गेल्या आठ-दहा वर्षांत घशाला, सर्दीला, दाताला काय घेत होता?"

ताई क्षीण हसली. "घशाला? ते तीन गोळ्यांचं पाकीट. गिरणीत कापसाची धूळ, घसा काय, वर्षातून चार-पाचदा धरायचाच. औषधांचा दुकानदार समीह देतो ना. गल्लीत सगळेच घेतात."

"ते औषध आणि हे औषध सख्खी भावंडं आहेत. एकाला ओळखलं की जंतू दुसऱ्यालाही ओळखतो. दर वेळी घशासाठी घेतलेली गोळी पोटातूनच जात होती. दहा वर्षं तुम्ही त्या जंतूची तालीम करून घेतलीत, आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही." मग ताईच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुम्ही गोळ्या चुकवल्या नाहीत. तुमचा काही दोष नाही."

माझी बहीण भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली. रक्त ओकताना रडली नव्हती ती.

मला मात्र तिथे उभं राहवेना. मी जिन्यात जाऊन बसले. कारण ती पाकिटं ताईला आणून कोण देत होतं? मीच. समीहचं दुकान माझ्या शाळेच्या वाटेवर. "समीहभाऊ, ताईचा घसा धरलाय," एवढं म्हणायचं की तो न विचारता फळीवरून पाकीट काढायचा. ताईची खालची दाढ दुखली तेव्हा मी माझ्या पर्समधलीच उरलेली गोळी दिली होती. "घे, कडक आहे, लगेच उतरेल." शाळेत खोकणाऱ्या मुलींनासुद्धा मी अर्धी अर्धी गोळी दिलेली आहे, फार मोठा परोपकार केल्यासारखी. वगदीला शिव्या घालत मी तो जिना चढले होते. आता त्यांतल्या निम्म्या माझ्याच दारात परत आल्या.

मी ताईला हे सांगितलं.

"तुझ्यावर रागवायला हवं खरं," ती म्हणाली. "पण माझ्यात सध्या एकाच माणसापुरता जोर आहे, आणि तो मी ठेवलाय कुणासाठी तरी."

अकराव्या दिवशी तिला घरी सोडलं. अलेक्झांड्रियाहून उत्तर आलं होतं, ज्या औषधावर वगदीने तीनदा भरवसा ठेवला ते साफ निकामी. चालू शकेल असं एक जुनं औषध होतं, टेट्रासायक्लिन, आणि त्याच्या जोडीला बिस्मथ. घरी आल्यावर ती दोन दिवस झोपली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला तिने काळा झगा घातला, डोक्याला रुमाल बांधला आणि डबा काखेत मारला.

"कुठे?" भाऊजी म्हणाले.

"डॉक्टरकडे."

"अगं, अंगात रक्त नाही तुझ्या!"

"जेवढं आहे तेवढं पुरे आहे."

वगदीचा दवाखाना संध्याकाळी भरलेला असतो. वीस-पंचवीस माणसं बाकांवर, काही जिन्यात. कंपाउंडर म्हणाला, "नंबर लावा, हज्जा," वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. ताई त्याच्या बाजूने सरळ आत गेली. मी मागोमाग. वगदी एका म्हाताऱ्याचं पोट दाबत होता.

ताईने डबा त्याच्या टेबलावर उपडा केला. स्ट्रिप्स टेबलावर पसरल्या, काही खाली पडल्या, एक त्याच्या चहाच्या पेल्यात गेली.

"मोजा," ती म्हणाली.

"हा काय तमाशा आहे? बाहेर व्हा."

"बेचाळीस दिवस. सकाळ-संध्याकाळ. मोजा आणि मला सांगा कुठली चुकली. मी अल्लाचा रोजा सोडला या गोळ्यांसाठी, लपून रोटी खाल्ली चोरासारखी. आणि तुम्ही माझ्या तोंडावर म्हणालात मी घेतल्याच नाहीत."

"बाई, इंटरनेटवर काहीबाही वाचून..."

"मला वाचायला वेळ नाही. मी रक्त ओकत होते." तिने तांताहून आणलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. "हे वाचा. तीन वेळा एकच औषध. नावं बदलून. का?"

वगदीने कागद घेतला. वाचता वाचता त्याचा चेहरा बदलला, हे मी पाहिलं. पण आवाज त्याने खाली आणला नाही. "हे असले जंतू वाढवून बघायचे कल्चर-बिल्चर आपल्या गावात होतात का? मला काय स्वप्न पडतं कुणाच्या पोटात कुठला जंतू आहे ते? पुस्तकात पहिलं औषध हेच लिहिलंय. बाहेर पंचवीस माणसं बसलीत. प्रत्येकाचा तुकडा काढून अलेक्झांड्रियाला पाठवू?"

"नका पाठवू," ताई म्हणाली. आता तिचा आवाज गिरणीतला झाला होता, साच्यांच्या खडखडाटावरून पार पलीकडे पोचणारा. "माहीत नाही म्हणा! 'इन्शिराह, माझं औषध लागू पडत नाही, का ते मला माहीत नाही, तू मोठ्या दवाखान्यात जा.' एवढं वाक्य. त्याला काय जीभ झिजत होती? माझ्या साच्यावर धागा तुटला आणि का तुटतोय ते कळलं नाही, तर मी फिटरला बोलावते. कापसाला खोटारडा म्हणत नाही!"

दार उघडंच होतं. बाहेरची माणसं उठून आत डोकावत होती. तपासणीच्या टेबलावरचा म्हातारा शर्ट खाली ओढत म्हणाला, "मलाही दुसऱ्यांदा दिलंय. पिवळं होतं, आता पांढरं." दारातल्या एका बाईने पर्समधून कागद काढून माझ्यापुढे केला. "बाई, माझं बघा हो. तेच आहे का?" मी बारीक अक्षर वाचलं. तेच होतं. मग एकामागून एक कागद आणि स्ट्रिप्स पुढे यायला लागल्या आणि मी भूगोलाची शिक्षिका तिथे उभी राहून वाचत होते: हेच, हेच, हेसुद्धा हेच. कंपाउंडर ओरडत होता, कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

वगदी उभा राहिला. वाटलं, आता माफी मागेल. तो म्हणाला, "ज्यांना विश्वास नाही त्यांनी जावं."

सहाजण गेले. बाकीचे पुन्हा बाकांवर बसले. दुसरा पोटाचा डॉक्टर महल्लाच्या त्या भागात नव्हता, आणि दुखत होतंच. मला त्या बसलेल्यांचा राग आला होता. आता येत नाही.

तिथून पुढची लढाई औषधाची. टेट्रासायक्लिन म्हणजे आमच्या आईच्या काळातली स्वस्त गोळी, पण महल्लात एकाही दुकानात मिळेना. "ते आता कोण लिहितं?" दुकानदार हसायचे. समीहच्या दुकानात गेले तेव्हा त्याच्या मागच्या फळीवर त्या तीन गोळ्यांच्या पाकिटांची उतरंड होती, छतापर्यंत.

"समीहभाऊ, हे विकायला कंपनीचा माणूस आठवड्याला येतो ना? त्या जुन्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या विकायला कोण येतं?"

"कुणी नाही. त्यात कुणाला काय सुटणार?" तो खरंच खजील झाला होता. वाईट माणूस नव्हे. "बाई, मी लोकांना विनाकारण नाही देत. डॉक्टरची फी त्यांना परवडत नाही म्हणून देतो."

"माझ्या बहिणीला ती फी रक्ताने भरावी लागली," मी म्हटलं. फार लागट बोलले. पण शब्द मागे घेतले नाहीत.

शेवटी समीहनेच नऊ दिवस फोन करकरून दमिएत्ताच्या एका जुन्या दुकानातून औषध मिळवलं आणि स्वतः घरी आणून दिलं. ताईने ते घेतलं. चहा विचारला नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते त्याला कळलं. मान खाली घालून गेला.

पुन्हा चौदा दिवस. दिवसाला चार वेळा. जीभ काळी, पोटात मळमळ. मग महिनाभर थांबून तपासणी. डॉक्टर शहीरांनी फोन केला: जंतू गेला. पण काढलेल्या तुकड्यात जठराचं अस्तर बदललेलं दिसत होतं. इतकी वर्षं जंतू मुक्काम ठोकून बसला की असं होतं. आता वर्षा-दोन वर्षांनी दुर्बीण घालून पाहत राहायचं, त्यातून पुढे काही वाईट निघत नाही ना ते.

भाऊजींनी शेजाऱ्यांना सरबत वाटलं. ताई खिडकीपाशी बसून होती. "चार वर्षं," ती म्हणाली. "पहिल्यांदाच बरोबर औषध दिलं असतं तर अस्तर माझं मला राहिलं असतं. सरबत कसलं वाटताय?"

ती पुन्हा गिरणीत जायला लागली. आणि आता हे मी ऐकलेलं सांगते, पण सांगणारी तीच आहे.

तिच्या शेजारच्या साच्यावर इब्तिसाम नावाची पोरगी असते, बावीस वर्षांची. एक दिवस ती तापाने फणफणलेली आली, नाक वाहतंय, आणि साच्याशीच उभी राहून तिने ओढणीतून तीन गोळ्यांचं पाकीट काढलं. ताईने झडप घालून ते हिसकावलं. "हे सर्दीला लागू पडत नाही! माझं काय झालं ते पाहिलं नाहीस?"

"दे ते," इब्तिसाम म्हणाली. "पाहिलं मी. हातगाडी मीच ओढली होती. पण मला उद्या इथे उभं राहायचंय. आज गेले तर बदलीवालीला कायम करतील. तू देशील मला रजा? तू?"

ताईने ते परत केलं नाही.

ती पाकीट मुठीत धरून मुकादमाकडे गेली. तो चहा पीत होता. "त्या पोरीला दोन दिवस रजा हवी. भरपगारी. तिची जागा तिचीच राहील."

"तू कोण ठरवणारी?"

"मी साच्यावर रक्त ओकलेली बाई. तिला आजारी उभं केलंत तर मी उभी राहणार नाही. आणि माझ्या मागे तिसऱ्या रांगेतल्या बाया आहेत, विचार त्यांना."

तिसऱ्या रांगेतल्या बायांना तिने काहीच विचारलेलं नव्हतं. पण मुकादमाने मान वर करून बघितलं तेव्हा त्यांनी साचे थांबवले होते. आधी दोघींनी, मग पाच, मग पुरी रांग. सव्वीस वर्षांत त्या खात्यात पाळीच्या मध्यात एवढी शांतता झालेली नव्हती, असं ताई सांगते. कापसाचे तंतू हवेत तरंगताना दिसत होते.

एक दिवस मिळाला. दोन नाही, एक. ताईने ते पाकीट मुकादमाच्या टेबलावर ठेवलं आणि इब्तिसामला फाटकापर्यंत सोडून आली. परत येऊन तिने साचा चालू केला. तुटलेले धागे जोडायला तिला पाळी संपेपर्यंत वेळ लागला.